शेवटच्या माणसाचा पगार

एखाद्या मालकाने किती माणसे कामाला ठेवावीत, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ हिशेबाचा. त्यात नीतीचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल. मेलबर्नच्या पश्चिम भागातल्या एका कारखान्यात कॉस्टिंगच्या टेबलावर माझी बावीस वर्षे गेली. दर तिमाहीला हा प्रश्न समोर यायचा: पुढच्या शिफ्टला किती माणसे? उत्तर एका आकड्यात द्यायचे असे. पण तो आकडा लिहिताना त्याच्या मागे दुसराच एक प्रश्न उभा असलेला दिसायचा, आणि निवृत्तीनंतर त्याच्याकडे निवांत पाहायला सवड मिळाली. तो प्रश्न असा: माणसाला जो पगार मिळतो, तीच त्याची किंमत का?

मंडळी, हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. आपण बहुतेक सगळे नोकरी-पगारासाठीच समुद्र ओलांडून इथे आलो. आता आपल्यातले काही जण स्वतः मालक झाले आहेत. कोणाचे किराणा दुकान आहे, कोणाचे रेस्टॉरंट, कोणाची क्लीनिंगची कंत्राटे. आणि दरवर्षी पुण्या-नागपूरहून नवे विद्यार्थी येतात, ते पहिल्याच आठवड्यात काम शोधायला लागतात. म्हणजे आपल्या दिवाळीच्या एकाच पंगतीत पगार देणारा, पगार घेणारा आणि पगार शोधणारा असे तिघेही जेवायला बसलेले असतात.

आधी हिशेब समजून घेऊ. कॉलेजात अर्थशास्त्र शिकलेल्यांना 'सीमान्त उत्पादकता' हा शब्द आठवत असेल. शब्द जड आहे, गोष्ट सोपी आहे. समजा, शनिवारच्या बाजारात आपण डोशाचा स्टॉल लावला. पीठ, बटाटा, तेल, गॅस यांचा खर्च वजा जाता एका डोशामागे ५ डॉलर उरतात. एकच माणूस असेल तर तोच डोसे घालणार आणि तोच पैसे घेणार. तासाला १० डोसे होतील. दुसरा आला की एक तव्याशी, एक गल्ल्याशी. एकूण २४ डोसे होतील, म्हणजे दुसऱ्यामुळे १४ वाढले. तिसऱ्यामुळे ८ वाढतील, चौथ्यामुळे ६. पाचवा आला तर ३च वाढतील, कारण तवे तेवढेच आणि जागाही तेवढीच; तो बिचारा चटणीच्या वाट्या भरत उभा राहील. मजुरी तासाला ३० डॉलर धरली, तर चौथा माणूस ६ डोशांची, म्हणजे बरोबर ३० डॉलरची भर घालतो. पाचवा १५ डॉलरची भर घालतो आणि ३० घेऊन जातो. म्हणून शहाणा मालक चारावर थांबतो.

यात मालकाचा दुष्टपणा नाही. शेजारी आणखी दहा स्टॉल असतील तर त्याला डोशाची किंमत मनाला येईल तशी वाढवता येत नाही. माणसेही चालू दराहून स्वस्तात मिळत नाहीत, कारण ती सरळ शेजारच्या स्टॉलवर जातील. किंमत बाजाराने ठरवलेली, मजुरी बाजाराने ठरवलेली; मालकाच्या हातात उरतो तो फक्त माणसांचा आकडा. शेवटच्या माणसामुळे पडणारी भर मजुरीइतकी झाली की थांबायचे. पाठ्यपुस्तकातली स्पर्धेतली कंपनी हेच करते.

आता या हिशेबात दोन गोष्टी जरा बारकाईने पाहा. पहिली म्हणजे, पाचवा माणूस आळशी नाही. त्याच्या भरीचा आकडा कमी आला तो तवे कमी म्हणून. आणखी एक तवा आणला, तर हाच माणूस ३ऐवजी ७ डोशांची भर घालील. दुसरी गोष्ट, चौघांनी मिळून ३८ डोसे केले, त्यांचे १९० डॉलर आले. मजुरीत गेले १२०. उरलेल्या ७० मध्ये जागेचे भाडे, तव्याचे पैसे आणि मालकाची कमाई. दुसऱ्या माणसाच्या येण्याने १४ डोसे, म्हणजे ७० डॉलर वाढले होते. त्यालाही ३०च मिळाले. कारण चौघांपैकी कोणीही एक निघून गेला, तरी उरलेले तिघे कामे वाटून घेणार आणि मालकाचे नुकसान सहाच डोशांचे होणार. म्हणजे 'शेवटचा माणूस' असा कोणी विशिष्ट इसम नसतोच. ती एक जागा असते, आणि त्या जागेवर सगळ्यांचा पगार ठरतो.

इथे एक घसरडी पायरी आहे. अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ जॉन बेट्स क्लार्क यांनी १८९९ साली आपल्या ग्रंथात असा दावा केला की, खुल्या स्पर्धेत प्रत्येकाला त्याने जेवढे निर्माण केले तेवढे मिळते, आणि म्हणून ही वाटणी न्याय्यच आहे. त्याच काळातले इंग्लंडचे आल्फ्रेड मार्शल अधिक सावध होते. हा नियम मजुरी ठरवणाऱ्या कारणांपैकी एकावर उजेड टाकतो, ती मजुरीची संपूर्ण उपपत्ती नव्हे, असे त्यांनी बजावून ठेवले होते. पण लोकांच्या मनात क्लार्कचेच म्हणणे घर करून बसले. 'त्याला कमी मिळते ना, मग त्याची लायकीच तेवढी असेल,' हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो!

या वाक्याची परीक्षा घ्यायला आपल्याइतके योग्य लोक नाहीत. खंबाटकीच्या घाटात भर पावसात भरलेली एस.टी. चालवणारा ड्रायव्हर आणि मेलबर्नच्या रुंद, सपाट रस्त्यावर बस चालवणारा ड्रायव्हर, यांत कौशल्य कोणाचे जास्त? तरी पगारात कितीतरी पट अंतर आहे. ते अंतर ड्रायव्हरच्या हातात नाही. ते आजूबाजूच्या देशात आहे. रस्ते, यंत्रे, प्रवाशांच्या खिशातले पैसे, कायदे हे सगळे त्याच्या पगारात मिसळलेले असते. आपलेही तसेच झाले. विमानात बसताना जी अक्कल आणि जी पदवी होती, तीच घेऊन आपण इथे उतरलो आणि पगार काही पटींनी वाढला. बारा-चौदा तासांच्या प्रवासात आपली लायकी तितक्या पटींनी वाढली, असे कोणी छातीठोकपणे म्हणेल का?

उलट दिशेनेही तेच. फोर्डने ब्रॉडमेडोज आणि जिलाँग येथील मोटारींचे उत्पादन ऑक्टोबर २०१६ मध्ये थांबवले. ३ ऑक्टोबर २०१७ रोजी अल्टोना येथील टोयोटाचे उत्पादन बंद झाले आणि २० ऑक्टोबर २०१७ रोजी ॲडलेडजवळच्या एलिझाबेथ येथील होल्डनचे. तीस-तीस वर्षे वेल्डिंग केलेल्या माणसांचे हात आदल्या दिवशी होते तसेच दुसऱ्या दिवशी होते. पण त्या हातांची बाजारातली किंमत एका दिवसात बदलली. आपल्या गिरणगावात ही गोष्ट आजोबांच्या पिढीलाच ठाऊक होती. मुंबईच्या गिरण्यांत 'बदली' कामगार असायचा. रोज सकाळी गेटवर यायचे, कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी आत, नाही तर घरी. ती भरती जॉबरच्या मर्जीवर चालत असे. १९३५ साली बदलीवाल्यांची नोंद ठेवून ती शिस्तीत आणायचा प्रयत्न झाला. तरी १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा बदली कामगारांना कायम करा ही मागणी त्यात होतीच. आत घेतलेला बदली कामगार कायम कामगाराइतकेच कापड काढत असे. फरक इतकाच की, तो हिशेबातल्या शेवटच्या जागेवर उभा होता.

मग पगार ठरवावा तरी कशावर? या प्रश्नाला ऑस्ट्रेलियाने फार लवकर एक उत्तर दिले, आणि ते आपल्याच मेलबर्नमध्ये. सनशाइन हे उपनगर आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या ट्रेनच्या वाटेवर आहे. तिथे एच. व्ही. मॅके यांचा शेतीची कापणी-मळणी यंत्रे बनवणारा मोठा कारखाना होता. १९०६च्या कायद्याप्रमाणे, कामगारांना 'रास्त आणि वाजवी' मजुरी देणाऱ्या कारखानदाराला अबकारी कर माफ होता. मॅके यांनी माफी मागितली आणि रास्त म्हणजे किती, हे ठरवण्याचे काम न्यायमूर्ती हेन्री बॉर्न्स हिगिन्स यांच्याकडे आले. त्यांनी कारखान्याची वही बाजूला ठेवून घराची वही मागवली. कामगारांच्या बायकांनी साक्षी दिल्या: भाडे किती, किराणा किती, सरपण किती. नवरा, बायको आणि तीन मुले यांनी सुसंस्कृत समाजात माणसासारखे राहायचे तर काय लागते, त्यावरून त्यांनी नोव्हेंबर १९०७ मध्ये अकुशल कामगारासाठी दिवसाला ७ शिलिंग, म्हणजे आठवड्याला ४२ शिलिंग हा दर ठरवला. हाच तो प्रसिद्ध 'हार्वेस्टर' निवाडा. १९०८ साली हायकोर्टाने तो मूळ कायदाच घटनाबाह्य ठरवला, त्यामुळे मॅके यांना काही करावे लागले नाही. पण तत्त्व टिकले आणि पुढे लवादाच्या निवाड्यांत ते रुजले.

हिगिन्स यांनी हिशेब नाकारला नाही. मालकाने किती माणसे ठेवावीत, हे त्याचे त्याने ठरवावे. पण एका माणसाचा दर माणसाच्या गरजेपेक्षा खाली नेऊन आकडा वाढवायचा नाही, अशी रेघ त्यांनी ओढली. त्या निवाड्यात मोठी खोट होती, तीही सांगायला हवी. 'माणूस' म्हणजे संसारी पुरुष, हे त्यात गृहीत होते. बाईच्या वाट्याला कित्येक दशके पुरुषाच्या दराचा एक हिस्साच आला. समान मोलाच्या कामाला समान वेतन हे तत्त्व लवादाने १९७२ साली मान्य केले. आणि या देशाचे मूळ रहिवासी तर त्या रेघेच्या बाहेरच राहिले.

त्यांची गोष्ट या विषयातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. उत्तर ऑस्ट्रेलियात गुरांचे विस्तीर्ण फार्म असतात, त्यांना इथे 'स्टेशन' म्हणतात. तिथले गुराखी पिढ्यान्पिढ्या आदिवासी. पण गोऱ्या गुराख्यांचा वेतनदर त्यांना लागू नव्हता. पुष्कळांच्या पदरात पीठ, चहा, साखर, मांस आणि नाममात्र पैसे पडत. हा भेद काढून टाकावा म्हणून युनियन लवादाकडे गेली. स्टेशनमालकांचा युक्तिवाद असा की, बहुतेक आदिवासी गुराख्यांची उत्पादकता कमी आहे. समान वेतन दिले तर त्यांना ठेवणे परवडणार नाही. (त्यांचे वकील जॉन केर पुढे या देशाचे गव्हर्नर जनरल झाले.) मार्च १९६६ मध्ये लवादाने समान वेतनाच्या बाजूने निकाल दिला, पण अंमलबजावणी १ डिसेंबर १९६८ पासून. त्याच वर्षी, २३ ऑगस्ट १९६६ रोजी, वेव्ह हिल स्टेशनवरचे सुमारे दोनशे गुरिंजी लोक व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली काम सोडून निघाले. प्रश्न पगाराचा होता आणि त्याहून अधिक स्वतःच्या जमिनीचा होता. १९७५ साली पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम यांनी लिंगियारींच्या ओंजळीत तिथली माती घातली, तो फोटो आपण पाहिला असेल.

पण समान वेतन लागू झाल्यावर काय झाले? अनेक आदिवासी कुटुंबांना स्टेशने सोडावी लागली आणि ती गावांच्या कडेला येऊन राहिली. हेलिकॉप्टरने गुरे वळवणे, तारेची कुंपणे, मोठाले ट्रक हीही कारणे होती. कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर इतिहासकारांत वाद आहे. तरी मालकांचे भाकीत काही अंशी खरे ठरले, हे मान्य करावे लागते. आकड्यांचा नियम भावनेने बदलत नाही. दर वाढला आणि बाकी सारे तसेच राहिले, तर काही माणसे गेटाबाहेर राहू शकतात.

मग कमी पगारच न्याय्य होता का? माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की, डोशाच्या स्टॉलचा हिशेब एका अटीवर उभा आहे: माणूस शेजारच्या स्टॉलवर जायला मोकळा असला पाहिजे. तो मोकळा नसेल तर मालक त्याला त्याच्या भरीहून कमी देऊ शकतो. चौथा ३० डॉलरची भर घालतो आणि १५ घेऊन गप्प बसतो. उरलेले १५ मालकाच्या खिशात. अशा ठिकाणी दर ३० केला तरी चौथ्याला काढण्याचे कारण नसते. आपल्याच भूमीवर, दुसरीकडे जायची सोय नसलेल्या गुराख्याचा पगार बाजाराने ठरवला, असे म्हणणे बाजारावरही अन्याय करणारे आहे.

दुसरे कारण म्हणजे, गेटाबाहेर राहिलेल्या माणसाची जबाबदारी कोणाची, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर 'त्याला अर्ध्या पगारात ठेवा' हे एकच नाही. निकाल आणि अंमल यांमध्ये अडीच वर्षांहून अधिक काळ होता. बाहेर पडणाऱ्यांसाठी पुरेशी तयारी त्यात झाली नाही. आपल्या महाराष्ट्राने या बाबतीत एक चांगला धडा घालून दिला आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूरला छोटा प्रयोग झाला, १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे राज्यभर निघाली, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ साली केंद्रानेही त्याच धर्तीवर कायदा केला. त्या योजनेत उणिवा होत्या, खडी फोडून लोकांचे हात सोलले, हे खरेच. पण कोणाही मालकाच्या हिशेबात न बसलेल्या माणसाला समाजाच्या हिशेबात जागा आहे, हे तिने कायद्याने मान्य केले.

आता आपल्या पंगतीकडे येऊ. मागे एका मुलाने मला विचारले, "काका, तासाला पंधरा डॉलर रोख देतात. माझी किंमत तेवढीच का हो?" आणि एका ओळखीच्या दुकानमालकांनी मला तितक्याच तळमळीने सांगितले, "अहो, कायद्याचा दर द्यायचा तर तिघांऐवजी मला दोघेच परवडतील. तिसऱ्या पोराने जायचे कुठे? मी त्याच्यावर उपकारच करतोय ना?"

त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. दुकान चालवणे काय असते, भाडे काय असते, हे मी आकड्यांत पाहिले आहे. पण वरची अट इथे लावून पाहा. तो विद्यार्थी खरोखर मोकळा आहे का? व्हिसावर शिक्षण चालू असताना पंधरवड्याला ठरावीक तासच काम करता येते. १ जुलै २०२३ पासून ही मर्यादा ४८ तासांची आहे. इंग्रजी अजून बसलेले नाही, ओळखी नाहीत, फी भरायची आहे, आणि 'तास जास्त झाले, तक्रार केलीस तर व्हिसा जाईल' ही भीती आहे. २०१५ साली सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांतील प्रकरण उघडकीला आले, तेव्हा हीच भीती वापरली जात होती असे दिसले. त्यात भरडलेले पुष्कळ जण भारतीय उपखंडातून आलेले विद्यार्थी होते, आणि कंपनीला पुढे १५ कोटी डॉलरहून अधिक थकबाकी भरून द्यावी लागली. ज्याला जाता येत नाही त्याने 'हो' म्हटले, तर त्या होकारावरून त्याची किंमत ठरत नाही.

शिवाय, नियमाने पगार देणारा शेजारचा दुकानदारही आपलाच माणूस असतो. एकाने दर पाडला की त्याची भाजी चार आण्यांनी स्वस्त होते आणि प्रामाणिक माणसाचे गिऱ्हाईक तुटते. स्पर्धा कष्टात, चवीत, व्यवस्थेत व्हावी. दुसऱ्याच्या असहायतेत होऊ नये.

आणि एवढे करूनही तिसरा खरोखर परवडत नसेल, तर दोघेच ठेवावेत. त्यात कमीपणा नाही. तिसऱ्याला सरळ सांगावे की माझ्याकडे जागा नाही, आणि दोन ठिकाणी फोन करून द्यावा. 'जागा नाही' या शब्दांनी मुलाचा एक दिवस वाईट जातो. 'तुझी किंमत एवढीच' हे मनात बसले तर ते त्याच्याबरोबर बरीच वर्षे राहते, आणि उद्या तो मालक झाला की दुसऱ्यालाही तेच सांगतो.

इथला कायदा आज दोन्ही बाजू पाहतो. किमान वेतन ठरवताना कमी पगारवाल्यांच्या गरजा आणि रोजगारावर होणारा परिणाम, दोन्ही विचारात घ्यायचे असतात. १ जुलै २०२५ पासून तो दर तासाला २४.९५ डॉलर ठरला. पगारी रजा नसलेल्या कॅज्युअल माणसाला त्यावर २५ टक्के, म्हणजे ३१ डॉलरच्या थोडे वर. आणि १ जानेवारी २०२५ पासून जाणूनबुजून कमी पगार देणे हा देशभर फौजदारी गुन्हा आहे. पण कायद्याचा धाक हे या लेखाचे कारण नाही. किती माणसे हवीत हे हिशेबाने सांगावे, ते त्याचेच काम आहे. माणूस केवढ्याचा, हे मात्र त्याला विचारू नये. त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या वहीत नसतेच.

आपल्या मंडळात नव्या विद्यार्थ्यांचे स्वागत होते, त्यांना वरणभात मिळतो, गणपतीच्या आरतीला बोलावणे जाते. त्या स्वागताच्या दिवशी एक कागदही त्यांच्या हाती द्यावा, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे: चालू वर्षाचा किमान दर, फेअर वर्क ओम्बड्समनचा फोन नंबर, आणि ज्यांच्याकडे रीतसर पगाराच्या पावतीवर काम मिळते अशा आपल्या उद्योजकांची यादी. ती यादी लांबलचक होईल, अशी मला खात्री आहे.